चाळीस कांद्यांची राखण

नाशिक जिल्ह्यात राहून अंगणात कांदे लावणं म्हणजे समुद्रकाठी घर असताना स्वयंपाकघरात मीठ करायला घेण्यासारखं आहे. आशियातली सर्वांत मोठी म्हणवणारी कांद्याची बाजारपेठ, लासलगाव, आमच्या घरापासून तासा-दीड तासावर. हंगामात त्या रस्त्याला लागलं की पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॅक्टर, आणि दर खड्ड्याला ट्रॉलीतून दोन कांदे खाली. ज्याला नुसते खायला कांदे हवेत त्याने पिशवी घेऊन त्या रस्त्याने सकाळचं फिरायला जावं. पण निवृत्त माणसाला नुसतं खायचं नसतं. त्याला काहीतरी करून दाखवायचं असतं. शक्यतो बायकोला.

मुहूर्तही मी नेमका श्रावणाचा धरला. आमच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण बंद. आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमीला भजी, थालीपीठ, झुणका असा चार महिन्यांचा कोटा एका दिवसात उडवायचा आणि मग कार्तिकापर्यंत कांद्याचं नाव काढायचं नाही. अशा घरात मी भर श्रावणात कांद्यांची पिशवी घेऊन शिरलो.

“श्रावणात कांदा आणलास?” आईने विचारलं. तिला ८२ वर्षं झाली, पण नाक अजून शाबूत आहे.

“खायला नाही आई, लावायला.”

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “लावलेला चालतो का, ते गुरुजींना विचारायला हवं,” म्हणाली, आणि तांब्या घेऊन तुळशीकडे गेली. गुरुजींना विचारलं मात्र नाही. आमच्या घरात परवानगी अशीच मिळते.

कांदे दिले होते निफाड तालुक्यातल्या मामेभावाने. मोजून ४०, गोटीएवढे. बाजारात या मापाच्या कांद्याला चिंगळी म्हणतात, त्याहून थोरल्याला गोल्टी. पण हे जन्माने चिंगळी नव्हते, मुद्दाम बारीक ठेवलेले होते. जानेवारी-फेब्रुवारीत बी दाट पेरायचं, इतकं दाट की कांद्याला अंग धरायला जागाच मिळू नये. उन्हाळ्यात दीड-दोन सेंटीमीटरचा झाला की पातीसकट उपटायचा, जुड्या बांधून सावलीत टांगायचा, आणि पावसाळ्यात पुन्हा मातीत लावायचा. चाळीतल्या एका खोलीत आठ भावंडांबरोबर वाढलेल्या पोराला एकदम बंगला मिळावा, तसं त्याचं होतं. मोकळी जागा दिसली की ते सुटतं, आणि रोपाच्या कांद्याआधी तयार होतं. याला कांद्याचा ‘सेट’ म्हणतात.

“दादा, १५ सेंटीमीटरवर ओळ, १० सेंटीमीटरवर कांदा,” मामेभावाने सांगितलं. “अंग मातीत, मान वर. आणि लावायच्या आधी वरच्या वाळक्या शेपट्या कात्रीनं उडव.”

पहिल्या तीन गोष्टी मी तंतोतंत केल्या. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी काढून ओळी आखल्या. शेपट्या मात्र ठेवल्या. ओळीत उभ्या ४० शेपट्या फार शोभत होत्या, शाळेच्या संचलनात मुलं झेंडे धरून उभी असतात तशा. माझ्या पुढच्या तीन महिन्यांच्या हालअपेष्टांचं मूळ या सौंदर्यदृष्टीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला चहाचा कप घेऊन मी ‘शेतावर’ गेलो. हा शब्द मी आदल्या संध्याकाळपासून वापरायला लागलो होतो. बघतो तर १७ कांदे वाफ्यावर आडवे. चोरी म्हणावी तर एकही नेलेला नव्हता. खायला काढले म्हणावे तर एकावरही चोचीची खूण नव्हती. प्रत्येक जण आपापल्या खड्ड्याशेजारी, पोलिसांनी पंचनाम्यासाठी बाहेर काढून ठेवलेल्या सामानासारखा पडलेला.

सतराही पुन्हा लावले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत दबा धरून बसलो. दहा मिनिटांत आरोपी हजर झाली. साळुंकी. चिमणी उड्या मारत येते, साळुंकी चालत येते. एकेक पाऊल टाकत, मान पुढेमागे करत, शाळा तपासायला आलेल्या साहेबांसारखी. डोळ्याभोवती पिवळी कातडी, त्यामुळे रात्रभर फायली वाचून आल्याचा भास होतो. पहिल्या कांद्यापाशी थांबली. मान उजवीकडे कलती करून एका डोळ्याने पाहिलं, डावीकडे करून दुसऱ्या डोळ्याने खातरजमा केली. मग वाळकी शेपूट चोचीत धरली, पाय रोवले आणि मागे झुकून हिसका दिला. कांदा बाहेर. तिने तो क्षणभर न्याहाळला, टाकला आणि पुढच्या कांद्याकडे चालू लागली. तिच्या वागण्यात राग नव्हता, भूक नव्हती, साधं कुतूहलही नव्हतं. निव्वळ कामकाज होतं. सहावा कांदा काढून झाल्यावर तिने खिडकीकडे पाहिलं, तेव्हा मला वाटलं, आता ही माझी सही मागते की काय.

ज्या कांद्याच्या भावाने १९९८ साली दिल्लीतलं सरकार घालवायला हातभार लावला, ज्याच्या निर्यातीवर बंदी आली की लासलगावात लिलाव थांबतात, त्याला इतक्या बेफिकिरीने हाताळणारं मी दुसरं कोणी पाहिलेलं नाही. सावता महाराजांना मळ्यात विठ्ठल दिसला. मला ही दिसली.

एकटी साळुंकी असती तर मी तिच्याशी बोलणी केली असती. पण दुपारी सातभाई आले. या पाखरांना मराठीत सातभाई म्हणतात आणि हिंदीत सात बहनें. म्हणजे भाऊ की बहिणी याबद्दल दोन भाषांचं एकमत नाही, कलकलाटाबद्दल आहे. सातच असतात असंही नाही, आमच्याकडे नऊ येतात. ते आले की सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा भरल्यासारखं वाटतं. सगळे एकदम बोलतात, विषयपत्रिकेला कोणी हात लावत नाही, आणि सभा उठते तेव्हा अंगणातलं एकूण एक वाळलेलं पान उलटं झालेलं असतं. त्यांना किडे हवे होते, कांद्याशी देणंघेणं नव्हतं. तरी किड्यांच्या शोधकार्यात पाच कांदे बाजूला सारले गेले.

खारीलाही कांदे नको होते, कांद्यांची जागा हवी होती. तिला शेंगदाणा पुरायचा होता आणि एवढी भुसभुशीत माती तिला आयुष्यात मिळाली नव्हती. सेतूच्या कामाला हातभार लावल्यापासून या जमातीला कोणी काही बोलत नाही, आणि ती ते पुरेपूर जाणून आहे. राहता राहिलं शेजारचं मांजर. मी दोन दिवस राबून, खडे वेचून, शेणखत मिसळून वाफा तयार केला होता. मांजराने त्याचा जो उपयोग ओळखला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

म्हणजे आमच्या अंगणात कांदा कोणालाच नको होता. फक्त तो जिथे आहे तिथे राहू नये, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं.

मी बंदोबस्ताला लागलो. पहिला मान बुजगावण्याचा. माझा कचेरीतला जुना सदरा, जुनी विजार आणि वर मडकं. बायकोने लांबून पाहिलं आणि म्हणाली, “तुमच्यापेक्षा ताठ उभं आहे.” पहिल्या दिवशी कुरियरवाला फाटकातून त्याला “काका, ओटीपी सांगा” म्हणून हाका मारत राहिला. दुसऱ्या दिवशी कावळा मडक्यावर बसून घर न्याहाळत होता. तिसऱ्या दिवशी साळुंकी बाहीत शिरून पाऊस चुकवत होती. माणसाला फसवायला तेवढं बुजगावणं पुरेसं ठरलं.

मग सीड्या टांगल्या. ऊन पडलं की त्या लखलखतात आणि पाखरं बिचकतात, असं ऐकलं होतं. ते खरंही असेल, पण नाशिकला श्रावणात ऊन कुठून आणायचं? आठ दिवस आभाळ झाकलेलं होतं आणि सीड्या दोरीला लोंबत होत्या. नवव्या दिवशी ऊन पडलं तेव्हा एक बुलबुल आला, आपलंच प्रतिबिंब पाहून चवताळला आणि सीडीशी अर्धा तास भांडला. त्या भांडणात ती सीडी आमच्या लग्नाची असल्याचं उघडकीला आलं. पुढचं भांडण घरात झालं.

त्यानंतर लाल-चंदेरी चमकी फीत आणली. शेतात पिकावर ताणून बांधतात, वाऱ्यावर ती घूं घूं करते आणि पाखरं घाबरतात. शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारलं, “कोणाची मुंज आहे?” संध्याकाळी दोन जण आहेराचं पाकीट घेऊन आले नाहीत, एवढंच.

शेवटी रक्तात असलेल्या शेतकऱ्याला हाक दिली. आजोळी जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर चढून गोफण फिरवायचे, हे मी लहानपणी पाहिलं होतं. पाहिलं होतं, केलं नव्हतं. सुतळीची गोफण विणली, त्यात सुपारीएवढा खडा ठेवला, डोक्याभोवती तीनदा गरगरा फिरवली आणि एक टोक सोडलं. साळुंकी समोर होती, खडा मागे गेला. काकांच्या ओट्यावरचा दिवा फुटला. १३० रुपये. साळुंकीने आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि अकरावा कांदा काढला.

आठवड्याअखेर शिरगणती केली. जागेवर १९. बाकीच्यांतले काही पुन्हापुन्हा लावून वाळले, काही सडले, तिघांचा तर पत्ताच लागला नाही. दुष्काळ ठरवायला सरकार पैसेवारी काढतं आणि ५० पैशांच्या आत आली की सवलती मिळतात. माझी साडेसत्तेचाळीस आली होती. सवलत म्हणून बायकोने त्या दिवशी दुसऱ्यांदा चहा दिला.

मामेभावाला फोन लावला.

“शेपट्या उडवल्या होत्या का?” त्याने पहिलाच प्रश्न विचारला.

मी विषय बदलून पाखरांच्या स्वभावाकडे नेला.

“दादा, पाखरू कांद्यासाठी येतच नाही,” तो म्हणाला. “वाळकी शेपूट वर दिसली की त्याला वाटतं काडी आहे, घरट्याला होईल. नाहीतर वाटतं अळी आहे. ओढतं, तर खाली कांदा निघतो. मग टाकून देतं. तुला वाटतं, आपल्यावर डूख धरून बसलंय.”

ही गोष्ट मला लागली. कांद्याचा सगळा तिखटपणा चिरल्यावर तयार होतो. पेशी फुटल्या की आतली द्रव्यं एकमेकांत मिसळतात आणि मग डोळ्यांना धार लागते. अख्ख्या कांद्याला ना धड वास, ना झोंबणं. म्हणजे माझ्या कांद्यांनी साळुंकीला प्रतिकारदेखील केला नव्हता. एका काडीच्या गैरसमजातून त्यांचा संसार उठला होता.

“तुमच्याकडे पाखरं नाहीत का?”

“आहेत की. पण एकरात अडीच लाखांच्या वर रोपं असतात. त्यात दहा उपटली तर कोण मोजतो? तुझी चाळीस आहेत. दहा गेली की तू दुष्काळ जाहीर करणार.” थोडं थांबून म्हणाला, “आमचा कांदा वर यायला काही त्रास देत नाही दादा. वर आल्यावर देतो.” पलीकडून बाजारभावाचा मेसेज वाजल्याचा आवाज आला आणि त्याने फोन ठेवला.

मग मी शहाण्यासारखा वागलो. १९ शेपट्या कात्रीने मानेलगत उडवल्या. कांदे जरा खोल बसवले, भोवतीची माती अंगठ्याने घट्ट दाबली. मांजरासाठी ओळींमधून बोगनवेलीच्या काटेरी फांद्या अंथरल्या. मांजराने एकदा पंजा टाकला, उचलला, चाटला आणि कायमचं काकांच्या वाफ्याकडे वळलं. काटे नंतर माझ्याच तळव्यांत सहा वेळा घुसले, पण बंदोबस्त म्हटला की पोलिसालाही थोडं लागतंच. वरून जाळी टाकली. मूळ धरेपर्यंतचे दोन-तीन आठवडे सांभाळायचे, पुढे कांदा हिसक्याला दाद देत नाही, हे मामेभावाकडून कळलं होतं.

जाळी मी टाकली ती चादर अंथरावी तशी, सैल. तिसऱ्या दिवशी सकाळी तीत बुलबुल अडकला होता. सीडीशी भांडलेला तोच असावा, कारण नजर ओळखीची होती. एक पाय आणि पंखाची दोन पिसं नायलॉनच्या दोऱ्यात गुरफटलेली, आणि सुटायला धडपडेल तसा दोरा आवळत चाललेला. बायकोने त्याच्यावर ओढणी टाकली, मी मुठीत धरला. मुठीत पाखरू आहे असं वाटतच नाही, आत एक चालू घड्याळ ठेवल्यासारखं वाटतं. शेपटीखालचा लाल ठिपका ओढणीतून डोकावत होता. ज्या कात्रीने शेपट्या उडवल्या तिनेच एकेक दोरा कापला. पाय मोकळा झाल्याबरोबर त्याने माझ्या अंगठ्याला कडकडून चोच मारली आणि आंब्यावर जाऊन बराच वेळ माझ्याबद्दल बोलला.

त्या दिवशी मी पाइपचे तुकडे कमानीसारखे वाकवून वाफ्यात रोवले आणि त्यावर जाळी तबल्याच्या पुडीसारखी ताणून बसवली. कडा विटांनी दाबल्या. सैल जाळीत जीव अडकतो, ताणलेल्या जाळीवरून तो घसरतो. हे ज्ञान मला एका पाखराच्या पायाच्या मोबदल्यात मिळालं असतं, थोडक्यात वाचलो. साळुंकी आली, जाळीवर चालली, खाली पाहिलं आणि कडेच्या विटा मोजून गेली.

वरून बंदोबस्त झाला, तेव्हा खालून घूस आली. रात्रीत वाफ्याखालून भुयार काढलं आणि चार कांदे मातीसकट खचले. या प्राण्याला तेलुगूत ‘पंदिकोक्कु’ म्हणतात, म्हणजे डुक्कर-उंदीर. इंग्रजांनी तोच शब्द उचलून ‘बँडिकूट’ केला आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका भलत्याच प्राण्याला चिकटवला. इंग्रज एवढ्या लांब का गेले, ते मला त्या सकाळी कळलं. भुयाराच्या तोंडात विटांचे तुकडे ठोकून बसवले. मागून एक कांदा पावसाने सडला. उरले १४.

चौदाही जगले. पात हिरवी, पोकळ, ढोपराएवढी झाली. काकांनी “यंदा कांदा बरा आहे तुमचा” म्हटलं तेव्हा मी हवामानावर पाच मिनिटं बोललो. कांदा तयार झाला की मान मोडून पात आडवी पडते, हे मी ऐकून होतो. आश्विन सरत आला तरी पात पडेना. पुन्हा फोन.

“खरिपात आपोआप पडत नाही दादा. आम्ही पातीवरून रिकामा पिंप फिरवतो.”

चौदा कांद्यांना पिंप कुठला आणायचा? स्वयंपाकघरातून लाटणं आणलं आणि ओळीवरून फिरवलं. माना झकास पडल्या. धुऊन जागेवर ठेवताना बायकोने पकडलं.

“हे कांद्यावर फिरवलंत?”

“धुतलंय.”

“धुतलंय म्हणून काय झालं? चातुर्मास आहे. आईंच्या पोळ्या याच लाटण्याने लाटायच्या?”

नवं लाटणं आलं. ८० रुपये. हिशोब मी पाटीवर मांडला: जाळी २४०, पाइप १८०, फीत ६०, काकांचा दिवा १३०, लाटणं ८०. एकूण ६९०. काढणी झाली. पात कापून, चार दिवस सावलीत सुकवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. १४ कांद्यांचे ७२० ग्रॅम. बायको दारातून पाहत होती. मी काटा जरा तिच्याकडून वळवून ठेवला.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी आईने वृंदावन सारवून घेतलं. उसाचा मांडव उभा करायला मी पुढे झालो, चिंचा-आवळे ठेवायला जागा केली, आणि हात थबकला. तुळशीच्या बुंध्याशी, नवरीला खेटून करवली उभी राहावी तशी, एक जाडजूड कांद्याची पात उभी होती. खाली मातीतून गुलाबी खांदा वर आलेला, माझ्या कोणत्याही कांद्याच्या दुप्पट.

पत्ता न लागलेल्या तिघांतला एक. खारीने पुरला, कावळ्याने टाकला की साळुंकीने तपासणीत जप्त करून तिथे जमा केला, देव जाणे. त्याला काटे नव्हते, जाळी नव्हती, फीत नव्हती. रोज सकाळी तांब्याभर पाणी आणि पाच प्रदक्षिणा, एवढ्यावर तो पोसला होता.

“आई, तुळशीत कांदा!”

“दोन-अडीच महिने झाले. तुला दिसला नाही. तुझं सगळं लक्ष त्या जाळ्यात.”

“अगं, पण चातुर्मासात?”

“मी का लावला? आपणहून आलेल्याला उपटून कसं टाकायचं? आणि मी खाल्ला कुठं?”

एवढ्यावर तिच्या दृष्टीने विषय संपला होता. मला मात्र राहवेना. “याला पाखरांनी हात कसा लावला नाही?”

तिने उसाचं टोक तुळशीवर नीट वाकवलं. “तू दिवसातून दहा वेळा त्या वाफ्यापाशी जाऊन उभा राहायचास,” म्हणाली. “पाखरांना वाटलं असेल, एवढं काय ठेवलंय तिथं, बघावं तरी.”

लग्न लागलं, अक्षता पडल्या, चातुर्मास संपला. दुसऱ्या दिवशी आईने आपल्या हाताने तो कांदा उपटला. १४० ग्रॅम. खर्च आता १५ नगांवर पडला, म्हणजे नगाला बरोबर ४६ रुपये. लासलगावात भाव क्विंटलवर सांगतात, आमच्याकडे नगावर. चार महिन्यांनी घरात भज्यांचा वास सुटला. पहिलं भजं आईने घेतलं, चावलं आणि म्हणाली, “गोड आहे.” कांद्याला गोड म्हणणं ही स्तुती असते की नाही, याची चौकशी मी केली नाही.

भजी खात खिडकीपाशी उभा राहिलो, तर साळुंकी आली होती. वाफ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. चालत चालत वृंदावनावर चढली आणि उपटलेल्या कांद्याच्या खड्ड्यापाशी थांबली. मान उजवीकडे कलती करून पाहिलं. मग डावीकडे. तिला न विचारता कोणीतरी एक काढला होता.